सोळावं रीळ

चार महिन्यांपूर्वी एका रविवारी दुपारी नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसून, शेंगा सोलता सोलता, मी एक जुना हिंदी सिनेमा पाहिला आणि मला दरदरून घाम फुटला. डोक्यावर पंखा फिरत होता. मुलगी स्वयंपाकघरातून धावत आली. "बाबा, छातीत दुखतंय का? डॉक्टरांना फोन करू?" मी मानेनंच नको म्हटलं.

घाम फुटावा असं त्या सिनेमात काहीच नाही. जुन्या वळणाचा, रडका, प्रेमाचा सिनेमा. नायकाला बायकोचा संशय येतो, ती घर सोडते, शेवटी दोघं एकत्र येतात, पण फार उशीर झालेला असतो. नाव सांगत नाही, कारण सिनेमाचा काही दोष नाही. दोष माझा आहे. हा सिनेमा मी देवळाली कॅम्पातल्या थिएटरात पाच आठवडे, रोज चार खेळ, दाखवलाय. दाखवलाय म्हणतो, पाहिलाय म्हणत नाही. बाहेरच्या माणसाला हा फरक समजायला जरा वेळ लागेल, म्हणून आधी माझ्या धंद्याबद्दल सांगतो.

मी ऑपरेटर होतो. हल्ली हा शब्द उच्चारला की लोक विचारतात, कसला, जेसीबीचा का? मी सिनेमाच्या मशीनचा ऑपरेटर. प्रेक्षकांच्या डोक्यामागे उंचावर एक चौकोनी भोक असायचं, त्यातून उजेडाचा झोत पडद्यावर जायचा. त्या भोकामागच्या केबिनमध्ये माझी चौतीस वर्षं गेली.

सिनेमा रिळांतून यायचा. एक रीळ साधारण दहा मिनिटांचं, मोठा सिनेमा सोळा-अठरा रिळांचा. केबिनमध्ये मशीनं दोन. एकावर रीळ चालू असतं तेव्हा दुसऱ्यावर पुढचं चढवून तयार ठेवायचं. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो. पापणी लवली तर गेला. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. मग सातआठ सेकंदांनी दुसरा ठिपका. तो दिसला की इकडची झडप बंद, तिकडची उघडी. खाली बसलेल्या माणसाला रीळ बदलल्याचा पत्ता लागता कामा नये. ठिपक्यावर डोळा ठेवणारा माणूस नायिकेकडे बघत नाही. ती रडते आहे की हसते आहे याच्याशी त्याला काही कर्तव्य नसतं.

शिवाय दिवा. आमच्या वेळी बल्ब नव्हता. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर धरायच्या आणि त्यांच्या मधल्या जाळाचा तो सगळा उजेड. कांड्या जळून आखूड होतात, तसतसं त्यांच्यातलं अंतर हातानं जुळवत राहायचं. जरा दुर्लक्ष झालं की पडदा पिवळा पडायचा, खालून शिट्ट्या आणि माझ्या खानदानाचा उद्धार सुरू. आणि आवाज! मशीन चालू असलं की पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखं वाटायचं. पडद्यावरचं बोलणं ऐकू यावं म्हणून केबिनमध्ये एक छोटा स्पीकर असतो. आमचा मी कामाला लागण्याच्या आधीपासून बंद होता. त्यावर आम्ही चहाचे कप ठेवायचो. म्हणजे चौतीस वर्षांत मी हजारो सिनेमे दाखवले, पण ऐकला एकही नाही.

पण एक गोष्ट छातीवर हात ठेवून सांगतो, माझ्यामुळे एकही शो पडला नाही. 'शो पडणं' म्हणजे खेळ रद्द होणं, तिकिटं परत करावी लागणं. ऑपरेटरच्या आयुष्यात याहून मोठी नाचक्की नाही. एकशेतीन ताप अंगात घेऊन मी मशीन चालवलंय. माझं लग्न सकाळच्या मुहूर्ताला लागलं, कारण बारा वाजता पहिला खेळ होता. वऱ्हाडालाच पास वाटले. बायको पहिल्या रात्रीपर्यंत रुसून होती. थिएटर कायमचं बंद झालं त्या दिवशी मालकांनी शाल, श्रीफळ आणि एक पितळी पाटी दिली. 'एकही शो न पाडणारे ऑपरेटर' असं त्यावर कोरलंय. ती पाटी आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या बरोबर वर लावलेली आहे. येणारा-जाणारा वाचतो, मीही मुद्दाम वाचायला लावतो.

तर तो सिनेमा. आमच्याकडे तो दुसऱ्यांदा लागला होता, तरी गर्दी मावत नव्हती. कॅम्पातलं पब्लिक म्हणजे निम्मे जवान. तोफखान्याच्या ट्रेनिंगला आलेली, घरापासून लांब असलेली माणसं. रडका सिनेमा त्यांना फार आवडायचा. अडचण एकच. सहाचा खेळ सुटायचा नऊला आणि त्यांची बराकीतली हजेरीही नऊलाच. शेवटची दहा मिनिटं राहिली की खुर्च्या धाडधाड वाजायच्या, अर्धं थिएटर उठून पळायचं. शेवट बघायला मिळाला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी मॅनेजरशी भांडणं. मॅनेजर वर केबिनमध्ये आले आणि म्हणाले, "बाळासाहेब, सहाच्या खेळातली दहा मिनिटं कमी करा. कुठली करायची ते तुम्ही बघा. पब्लिकला कळलं नाही म्हणजे झालं."

दहा मिनिटं म्हणजे बरोबर एक रीळ. पण कुठलं? गाण्याचं रीळ काढलं तर लोक खुर्च्या फाडतील. पहिली रिळं काढली तर कोण कोणाचा कोण हेच कळणार नाही. मी शेवटाकडची रिळं टेबलावर घेतली आणि फिल्म उजेडात धरून सरकवत पाहिली. सोळाव्या रिळात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच खोली आणि दोनच माणसं. ती खिडकीपाशी उभी, तो दाराशी. गाणं नाही, नाच नाही, मोटार नाही, घोडा नाही. दहा मिनिटं नुसतं बोलणं. मी म्हटलं, हेच. कात्री लावायचीही गरज नव्हती. पंधरावं संपलं की दुसऱ्या मशीनवर सरळ सतरावं चढवायचं.

जोड इतका बेमालूम बसला की मॅनेजरांनी पाठ थोपटली. पंधराव्याच्या शेवटी नवरा बायकोवर आळ घेतो आणि ती घराबाहेर पडते. सतराव्याच्या सुरुवातीला तो आजारी पडलेला, आणि ती येऊन त्याच्या पायावर डोकं ठेवून रडते. तो तिच्या डोक्यावर हात ठेवतो. काहीच अडत नव्हतं. बारा, तीन आणि नऊच्या खेळाला अठराही रिळं, फक्त सहाच्या खेळाला सतरा.

एका गिऱ्हाईकाला मात्र तो जोड खटकला. मिशाळ, उंच, कुठल्यातरी पलटणीतला नाईक. त्यानं सुटीच्या दिवशी तीनचा खेळ पाहिला, बाहेर जाऊन चहा प्यायला आणि परत सहाच्या खेळाला येऊन बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो थेट केबिनचा जिना चढून वर आला. वर यायला बंदी होती, पण त्याचा चेहरा बघून कोणी अडवलं नसावं.

"भाईसाब," तो म्हणाला, "तीन बजे की पिक्चर में औरत बेकसूर थी. छह बजे वही औरत कसूरवार कैसे हो गई?"

मी म्हटलं, "कौनसी औरत?"

"हीरोइन. तीन बजे उसने कोई गलती नहीं की थी. छह बजे माफी माँगने आ गई. ऐसा कैसे?"

मी हसलो. मला वाटलं यानं घेतलीय. मी त्याला म्हटलं, साहेब, तुम्ही डुलकी काढली असेल. तो मान हलवत खाली उतरून गेला. पुढे कित्येक वर्षं मी हा किस्सा लोकांना सांगायचो, तीनला बेकसूर आणि सहाला कसूरवार! लोक खूप हसायचे.

आता आक्काबद्दल सांगतो. आक्का माझी मोठी बहीण. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, तिला पेठला दिली होती. पेठ म्हणजे नाशिकपासून वर डोंगरात, तालुक्याचं गाव. दाजींचं तिथं टेलरिंगचं दुकान. माणूस कामाचा पक्का, बोलायला कमी, आणि संशयी. सासू कडक. माहेरून काही आलं की ती चारचौघांत म्हणायची, आमच्या घरी खायला मिळत नाही की काय? म्हणून आई आक्काला काही पाठवायची तर लपूनछपून. त्याची युक्ती मीच काढली होती. आमच्याच गल्लीत पेठच्या गाडीवरचा एक कंडक्टर राहायचा. मी त्याला सिनेमाचे पास द्यायचो आणि तो लसणाची चटणी, कधी बेसनाचे लाडू असा डबा पेठच्या स्टँडवर आक्काच्या हातात द्यायचा. डब्यात मी चिठ्ठी घालायचो. कागद कुठून आणायचा? केबिनमध्ये सिनेमाच्या हँडबिलांचे गठ्ठे पडलेले असायचे. त्यांच्या कोऱ्या बाजूवर दोन ओळी खरडायचो.

अशी एक चिठ्ठी दाजींना तांदळाच्या डब्यात सापडली. एका बाजूला नायक-नायिका गळ्यात गळा घालून उभे. दुसऱ्या बाजूला माझ्या अक्षरात: 'गुरुवारी पुन्हा पाठवतो. घरात कुणाला कळू देऊ नकोस.' खाली नाव नाही. भाऊ बहिणीला लिहिताना नाव कशाला घालेल?

दाजींनी स्टँडवर कंडक्टरशी हसून बोलणारी आक्का पाहिली होतीच. आता चिठ्ठी हातात आली. आक्का म्हणाली, माझ्या भावाची आहे. दाजी म्हणाले, मग भावाला म्हणावं इथं येऊन सांग. त्या आठवड्यात आक्का पत्र्याची पेटी घेऊन कॅम्पात आमच्या घरी आली. तिनं सगळं सांगितलं आणि मी कपाळावर हात मारून घेतला. आई म्हणाली, "तू नको जाऊस लगेच. भांडण वाढंल. जरा निवू दे." मलाही ते बरं वाटलं. खरं सांगायचं तर मी दाजींना घाबरायचो.

आठ दिवस गेले. आक्का घरात नुसती बसून. तिचं मन रमावं म्हणून मी तिला एका संध्याकाळी सहाच्या खेळाला घेऊन गेलो, लेडीज बाल्कनीत चांगल्या जागेवर बसवलं. घरी आल्यावर ती गप्प होती. सिनेमा पाहून बायका गप्प होतात, त्यात विशेष काय, असं मला वाटलं. तीन दिवसांनी मी सकाळी उठलो तर आक्का पेठला गेलेली. मागाहून आईकडून कळलं की तिनं चार माणसांदेखत दाजींच्या पायावर डोकं ठेवलं आणि माफी मागितली. 'पुन्हा असं होणार नाही' म्हणाली. आईला समाधान वाटलं. मलाही. मी पेठला जाणारच होतो, आता गरज उरली नव्हती.

संसार नीट झाला. पुढे सुनील, तिचा मुलगा, झाला. सासू गेली, दुकान वाढलं. पण आक्का पुन्हा कधी थिएटरात आली नाही. डबे बंद झाले. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात होती, पण मी तिच्यावर कधी विचार केला नाही. एसटीत बसली की आक्का तिकिटाचे पैसे खाली मान घालून पुढे करायची. कंडक्टरच्या तोंडाकडे तिनं उभ्या जन्मात पुन्हा पाहिलं नाही.

हे सगळं पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं. आता आक्का त्र्याहत्तर वर्षांची. चार महिन्यांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती आमच्याकडे इंदिरानगरला आली. पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी टीव्हीला परवानगी दिली, तेव्हा माझी मुलगी म्हणाली, "आत्या, तुझ्या काळातला सिनेमा लावू?" आणि तिनं नेमका तोच लावला. तिला बिचारीला काय माहीत.

आयुष्यात पहिल्यांदा मी तो सिनेमा बसून, आवाजासकट पाहत होतो. सुरुवातीला तर मी सवयीनं उजव्या कोपऱ्यातले ठिपकेच शोधत होतो. ते आता दिसत नाहीत, पुसून टाकलेत. नवऱ्यानं आळ घेतला, ती घराबाहेर पडली. मी शेंग फोडत म्हटलं, आता ती येऊन पाया पडणार. पण पडद्यावर एक खोली आली. ती खिडकीपाशी, तो दाराशी. माझा हात थांबला. हे सोळावं रीळ होतं.

तो सांगत होता की त्याला सगळं कळलंय, तिची काही चूक नव्हती, ज्याच्यावरून संशय घेतला तो तिचा मानलेला भाऊ होता. तो म्हणत होता, चल घरी, झालं गेलं विसरून जाऊ. आणि ती अजिबात आवाज न चढवता म्हणाली, "आप मुझे माफ़ करने आए हैं? मैंने आपको माफ़ नहीं किया है." मग दहा मिनिटं ती बोलत होती आणि तो ऐकत होता. शेवटी तोच हात जोडून उभा राहतो आणि ती त्याला दार दाखवते. पुढच्या रिळात ती त्याच्या आजारपणात येते, ती निर्दोष म्हणून, स्वतःच्या मर्जीनं. तो तिच्या डोक्यावर हात ठेवतो तो क्षमा करायला नव्हे, क्षमा मागायला.

तेव्हा मला घाम फुटला. नाईक बरोबर बोलत होता. मी रोज संध्याकाळी सहा वाजता एका निर्दोष बाईला गुन्हेगार करत होतो, जवळजवळ पाच आठवडे, भरल्या थिएटरात. आणि त्यातल्या एका संध्याकाळी लेडीज बाल्कनीत माझी सख्खी बहीण बसली होती, जिच्यावर माझ्याच चिठ्ठीमुळे आळ आला होता. तिनं पाहिलं की आळ आलेली बाई शेवटी जाऊन पाया पडते. आणि ती गेली, आणि पाया पडली.

मुलगी पाणी आणायला आत गेली. आक्का काळा चष्मा लावून स्वस्थ बसली होती. मी तिच्याकडे बघू शकत नव्हतो. तरी मी बोललो. सगळं सांगितलं, हजेरी, सतरा रिळं, सोळाव्या रिळात नुसतं बोलणं आहे म्हणून मी ते काढलं हेसुद्धा. म्हटलं, "आक्का, हे तू तेव्हा पाहिलं असतंस तर गेली नसतीस. मी तुझं वाटोळं केलं."

आक्कानं चष्मा काढला. "बाळू, मी पाह्यलं होतं की."

"काय पाहिलंस?"

"हेच. तुझ्यासंगं सहाच्या खेळाला गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारची मंडळी तीनच्या खेळाला चालली होती, मला ओढून नेलं. तवा ही खोली होती. मला वाटलं काल माझाच डोळा लागला असंल." तिनं पदरानं चष्मा पुसला. "तुझ्या रिळापायी नाय गेले मी. उलट ते बघून मला जोर आला. त्याच रात्री तू आल्यावर तुला म्हटलं, बाळू, उद्या चल माझ्यासंगं पेठला, यांना एवढंच सांग, चिठ्ठी मी लिहिली. एवढंच. मी पुढं काय बोलायचं ते बोलीन."

मला यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. आजही आठवत नाही.

"मग मी काय म्हणालो?"

"म्हणालास, उद्या कसा येऊ आक्का, शो आहे."

तिनं टीव्हीच्या वर लावलेल्या पाटीकडे पाहिलं. नवा डोळा होता, स्वच्छ दिसत असणार. "दोन दिवस वाट पाह्यली. मग म्हटलं, सांगायला कोण येणार नाय. एकटी उभी राहून काय बोलू? जाऊन पाया पडले, सुटले."

एखाद्यानं मुस्कटात मारली असती तर बरं झालं असतं. त्या शोला समजा मी गेलो नसतो तर काय झालं असतं? चारपाचशे माणसांनी शिव्या घातल्या असत्या, मालकांनी पगार कापला असता, आणि दुसऱ्या दिवशी सगळे विसरले असते. रात्रभर मला झोप नव्हती. सकाळी चहा देताना आक्काला म्हटलं, "चल, पेठला जाऊ. दाजींना सांगतो."

"आता? पंचेचाळीस वर्सांनी?"

"आता मला शो नाही," मी म्हटलं. ती कितीतरी दिवसांनी हसली.

गाडीत कंडक्टर म्हणून एक तरुण मुलगी होती, गळ्यात तिकिटाचं मशीन. आक्कानं सवयीनं मान खाली घालून पैसे पुढे केले. ती मुलगी वाकून म्हणाली, "आजी, कुठं जायचंय?" आक्कानं वर पाहिलं आणि म्हणाली, "माझ्या घरी."

दाजी ओट्यावर खाटेवर बसले होते. ऐंशी उलटलेली, कानानं जवळजवळ बहिरे. कानाचं मशीन आणलंय, पण ते कपाटात असतं. सुनील आणि सूनबाई कामावर गेलेली. शेजारीण समोर नागलीचे पापड वाळत घालत होती. आक्का चहा ठेवायला आत गेली. मी दाजींच्या जवळ बसलो आणि हळू आवाजात सुरुवात केली. दाजी म्हणाले, "मोठ्यानं बोल." दुसऱ्यांदा बोललो. "आँ?" शेवटी मी उभा राहून ओरडलो, "दाजी! ती चिठ्ठी मी लिहिली होती! डबे मी पाठवत होतो! आक्काची काही चूक नव्हती!"

शेजारणीनं वळून पाहिलं. पलीकडच्या ओट्यावरची दोन माणसंही बघायला लागली. मला शरम वाटली, पण बरंही वाटलं. आक्कानंही चारचौघांतच माफी मागितली होती.

दाजी शांतपणे म्हणाले, "ठाऊक व्हतं मला."

मला वाटलं यांना ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा ओरडलो. "काय ठाऊक होतं?"

"तुझी चिठ्ठी. त्यो कंडक्टर दुकानात आला व्हता. पदर पसरल्यावानी बोलला बिचारा. भाऊ डबं पाठवतो म्हणला. न पोचलेल्या डब्यातली तुझ्या हातची दुसरी चिठ्ठी दाखीवली, तेच अक्षर."

मागे भांड्याचा आवाज झाला. आक्का चहा घेऊन दारात उभी होती. तिनं पुढे येऊन त्यांच्या कानाशी विचारलं, "कवा आला व्हता तो?"

"तू माहेरून आलीस ना, त्याच्या दोन दिस आधी."

"मग मी पाया पडले तवा तुम्हाला ठाऊक व्हतं?"

दाजींनी डोळ्यांची उघडझाप केली. वाईट माणसाचा चेहरा नव्हता तो, म्हाताऱ्या, थकलेल्या माणसाचा होता. "मी म्हणलं व्हतं, आली की सांगू. पर तू आली ती पायावरच पडलीस. चार माणसं व्हती. माफी मागून मोकळी झालीस. मंग म्या काय बोलणार?"

मी चौतीस वर्षं लोकांना सिनेमे दाखवले. असं काही मी कुठल्या सिनेमात पाहिलेलं नाही. पंचेचाळीस वर्षं एका छपराखाली, रोज जेवायला वाढताना, पोर मोठं करताना, त्या माणसाला ठाऊक होतं. आणि तो बोलला नाही, कारण ती आधी बोलून गेली होती.

आक्कानं चहाचा कप त्यांच्या हाताला लागेल असा खाटेवर ठेवला. आत गेली आणि इंदिरानगरहून आणलेली पिशवी, जी अजून उघडलीही नव्हती, घेऊन बाहेर आली. चप्पल घातली. मग त्यांच्याकडे वळून, अजिबात आवाज न चढवता, म्हणाली, "मी तुम्हाला माफ नाय केलेलं."

दाजींनी कानाला हात लावला. मग माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणती ती?"

मी छाती भरून श्वास घेतला आणि ओरडलो, "दाजी! आक्का म्हणते, तिनं तुम्हाला माफ केलेलं नाही!"

शेजारणीच्या हातातला पापड हातातच राहिला. आम्ही स्टँडवर आलो, गाडीत बसलो. सावळघाट उतरेपर्यंत आक्का खिडकीबाहेर बघत होती. मग माझ्याकडे वळली. "बाळू, ऐकू गेलं का रे त्यांना नीट?"

"गेलं आक्का," मी म्हटलं. "सगळ्या गल्लीला ऐकू गेलं."